गळ्यापर्यंत भरलेली बाटली

दाजी गेल्याची तार मी आईला वाचून दाखवली तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "गेला का बाटलीवाला," एवढंच म्हणाली आणि सूप पुढं ओढलं. मला संताप आला... आणि नेहमीप्रमाणं मी तो गिळला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे पती. लोणावळ्यात एका दवाखान्यामागच्या खोलीत ते लघवी तपासत. नळीत पिवळं औषध घालून रात्रभर ठेवायचं आणि तळाशी बसलेल्या साक्यावरून लघवीतून जाणारं आल्ब्युमिन हे प्रथिन किती ते वाचायचं; गरोदर बाईचं ते वाढलं तर झटक्यांचा धोका. साका फार असला तर नमुना पाण्यानं पातळ करायचा आणि जितके पट पातळ केला तितक्या पटीनं आकडा गुणायचा. चहा पातळ झाला की "हा किती पटीचा?" म्हणून अक्काला चिडवायचे.

लढाईच्या दिवसांत अक्का पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे कान्ह्याला आली. पाय सुजले, तशी दाजींनी बाटली मागवली. दिवसरात्रीची लघवी साठवूनही ती काही भरली नाही. जावयाकडं अर्धवट भांडं कसं धाडायचं, म्हणून आईनं हंड्यातलं पाणी घालून ती गळ्यापर्यंत भरली. आम्हा कुणाला हे ठाऊक नव्हतं. साका थोडाच निघाला. काळजी नको, असा दाजींचा निरोप आला. त्याच आठवड्यात अक्काला झटके आले आणि पोटातल्या बाळासकट ती गेली.

तेराव्याला आई सहज बोलून गेली. दाजींनी विचारलं, "मामी, पाणी किती घातलंत?"

"किती म्हंजी? भरंस्तवर. अर्धी धाडली तर तुमी काय म्हनला असता?"

दाजी उठून ओसरीवर गेले. मी मागोमाग गेलो. "त्यांना कळता कामा नये," ते म्हणाले. "लेकीमागं त्याही जातील."

आई गेली नाही. जावयाला बायकोची बाटली वाचता आली नाही, असं ती गावभर सांगत राहिली आणि दाजी ऐकून घेत राहिले. हा मोठेपणा मला कधीच पटला नाही. ते आतून जळत राहिले आणि माझंही तोंड शिवून गेले.

दाजींची खोली आवरताना फळीवर ती बाटली सापडली. काचेवर कानशीच्या रेघा होत्या... एक खाली, एक मध्यावर, एक जरा वर. पाणी कुठून सुरू झालं असेल, ते शोधत बसले होते. खालच्या रेघेनं गुणलं तर अक्काला तातडीनं पुण्याला न्यायलाच हवं होतं. वरच्या रेघेनं, कदाचित नाही.

बाटली घरी आणली. आईनं ओळखली. "हीच ती. भरून धाडली व्हती मी, काय कमी न्हाई केलं."

बाटली देवळीत ठेवली आहे. अक्काची म्हणून आई ती रोज पदरानं पुसते.