बोअर फेल

आमच्या गावाला इंग्रजीतला एकच शब्द येतो आणि तोही धड वापरता येत नाही. तो शब्द म्हणजे 'फेल'.

मी नांदूरघाटच्या अलीकडच्या एका गावात राहतो आणि शाळेत इंग्रजी शिकवतो. त्यामुळे मला हे सहन होत नाही. पोरं फेल होतात ते ठीक. पण इथे मोटार फेल होते, विजेचा डीपी फेल होतो, हरभरा फेल जातो, विरजणसुद्धा फेल जातं! शेजारच्या कौसल्याकाकूंनी तर स्वतःचा जावई लग्नाच्या पंगतीतच फेल ठरवला.

"काकू, विरजण बिघडलं म्हणा," मी समजावायचो. "हरभरा बुडाला म्हणा, जावई कुचकामी म्हणा. मराठीत एवढे शब्द आहेत!"

"सर, ते सगळे पाठ करस्तोर दुसरं दही लागतंय की!"

दुर्दैव असं, की याच काकूंच्या बोअरवरून माझ्या आईला पाणी आणावं लागे. आमच्याकडे बोअर नव्हता. प्रत्येक हंड्यामागे एक टोमणा. शेवटी आई म्हणाली, "बापू, मला माझ्या दारात पाणी पायजे. त्या बाईच्या दारात हंडा घेऊन उभं राहायची आता लई लाज वाटती."

तिने तात्यांना बोलावलं. तात्या म्हणजे तळहातावर नारळ ठेवून पाणी बघणारे गृहस्थ. नारळ उभा राहिला की खाली पाणी! मी एम.ए., बी.एड. माणूस, कोपऱ्यात उभा राहून हसत होतो. तात्या अंगणभर फिरले आणि नारळ नेमका उभा कुठे राहावा? पत्र्याच्या शेडखाली, जिथे माझी कार असते तिथे! आई आत चहा करत होती, तेवढ्यात मला कार मागे घ्यायला लावून तात्यांनी चुन्याची फुली मारली आणि चहा पिताना आईला 'फुली मारलीया' एवढंच सांगून ते गेले.

आता एका नारळाच्या सांगण्यावरून, बोअरचं उंच मशीन आत घ्यायला मी शेड पाडायचं? आणि माझी नवीकोरी कार (म्हणजे आष्टीच्या एका डॉक्टरांनी नऊ वर्षं वापरलेली) उन्हात तापवायची? छे! दुपारी आई आडवी झाली तशी मी फुली चपलेने पुसली, बारा फुटांवर कुंपणाजवळ नवी मारली आणि कार परत सावलीत लावली. बारा फुटांत जमिनीच्या पोटात असा काय फरक पडतो? (भूगोलात मी काठावर पास झालो होतो, हे तेव्हा आठवलं नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाई बोअरची गाडी घेऊन आले. सगळी गल्ली जमली. काकू तर खुर्ची घेऊन! आईने हळदकुंकू वाहिलं आणि मशीन सुरू झालं. शंभर फुटांवर धुरळा. दोनशे फुटांवर धुरळा. वाळत घातलेले कपडे, माझी कार, काकूंच्या हातातला चहा, सगळं पांढरं! तीनशे फुटांवर रशीदभाईंनी मशीन बंद केलं आणि तोंडावरचा रुमाल सोडला.

"सर, बोअर फेल."

अशा वेळी माणसाला रडू यावं. मला व्याकरण आलं! "रशीदभाई, फेल परीक्षेत होतात. बोअर कोरडा गेला म्हणा. अनसक्सेसफुल म्हणा."

"अनसक्सेसफुल म्हणल्यावर पाणी लागतंय का?" आई कडाडली. "न्हाई ना? मग गप बस!"

गल्ली तात्यांच्या नावाने खडे फोडू लागली. त्यात सर्वांत मोठा आवाज माझा. "नारळावर विश्वास ठेवला की हेच होणार!" एवढ्यात तात्याच आले. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं.

"हितं कुणी पाडायला सांगितलं बे? म्या तर फुली शेडात मारलती!"

आई शेडात गेली आणि वाकून कारखाली बघून आली. अर्धवट पुसलेली फुली तिथेच होती. (वीस वर्षं फळा पुसतोय, तोही धड पुसता येत नाही!)

"गाडीला सावली पायजे म्हणून, बापू?" आई एवढंच म्हणाली. धुरळ्यापेक्षा मीच जास्त पांढरा पडलो. आयुष्यात एवढी शरम मला कधी वाटली नव्हती.

शेडाखाली खरंच पाणी होतं का, कुणास ठाऊक! बोअरची गाडी पुन्हा बोलावू, हे आईला सांगायची माझी हिंमत झालेली नाही. आई मात्र आता काकूंच्या दारात जात नाही. रोज सकाळी शाळेच्या इस्त्रीच्या कपड्यांत, दोन हातांत दोन हंडे घेऊन मी जातो. काकू ओट्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "आले का आमचे फेल सर?"

दुरुस्ती करायला माझी जीभ वळवळते. पण मी मुकाट्याने हंडा नळाखाली धरतो. एवढ्या वर्षांत काकूंनी तो शब्द पहिल्यांदाच बरोबर वापरलाय!