उजवी कूस

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. बोलणं बंद झालं होतं, इतकंच. जुन्या संसारात नवरा-बायकोचं होतं तसं. डाव्या खुब्याचं हाड मोडलं, त्यात सळई घातली आणि दवाखान्यातून मला परत या वृद्धाश्रमातल्या माझ्या खाटेवर आणून निजवलं. तेव्हापासून मी उताणी पडून वरच्या पंख्याकडे बघत होते. डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळेल, उठून बसत जा, हळूहळू वॉकर धरून उभ्या राहाल. मला त्यात काडीचाही रस नव्हता. देवाला मी एकदाच सांगून टाकलं होतं, न्यायचं असेल तर ने, नाही तर मला विचारायला येऊ नकोस. जपाची माळ उशीखाली गेली ती तिथेच राहिली.

आमचा आश्रम वडपे गावाच्या अंगाला आहे. चहूकडे गोदामं, दिवसभर ट्रकांची ये-जा. पण मी आले कामतघरहून. तिथे घरामागच्या शेडमध्ये यांचे कापडाचे लूम होते. लग्न होऊन आले तेव्हा त्या खटखटाटाने डोळ्याला डोळा लागेना. पुढे अशी सवय झाली की वीज जाऊन लूम थांबले की त्या शांततेनेच जाग यायची. कापड उतरलं की तपासायला माझ्यापुढे यायचं. मी डोळ्यांनी कमी आणि तळहाताने जास्त बघायची. ताग्यावरून हात फिरवला की कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ राहिलीय ते लगेच कळायचं. हे एकदा कारागिरांसमोर म्हणाले होते, "हिच्या हाताला डोळे आहेत." यांच्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल, म्हणून ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. आता लूमही नाहीत आणि हेही नाहीत, पण दुपारी डोळा लागला की कानात ती खटखट येते आणि मला अजून बरं वाटतं.

त्या घरात सगळं होतं, फक्त मूल नव्हतं. "हिची कूस काही उजवली नाही," हे वाक्य मी सासूबाईंकडून ऐकलं, शेजारणींकडून ऐकलं, हळदीकुंकवाला गेले की पाठीमागून ऐकलं. इतकं ऐकलं की कूस हा शब्दच मला नकोसा झाला. वज्रेश्वरीला जाऊन ओटी भरली, गरम पाण्याच्या कुंडात अंघोळी केल्या, कोणी सांगितले ते उपास केले, एकादश्या धरल्या. मूल झालं नाही, एकादश्या मात्र राहिल्या. हे म्हणायचे, "आता कशाला करतेस?" मी म्हणायची, "त्याने त्याचं दिलं नाही म्हणून मी माझं का सोडू?" त्यात भक्ती किती आणि ठसका किती ते त्या देवालाच ठाऊक.

आणि इथे खाटेवर पडल्या पडल्या पहिल्याच दिवशी संगीता सिस्टर माझ्या उशाशी येऊन म्हणाली, "आजी, कूस बदलायची हं." माझ्या मस्तकात तिडीक गेली. बिचारीला काय माहीत! ती आपलं कामाचं बोलत होती. पडून राहणाऱ्या माणसाला दर दोन-अडीच तासांनी वळवावं लागतं, नाही तर ज्या हाडावर भार पडतो तिथली कातडी रक्तावाचून मरते आणि जखम होते, हे तिने मला नीट समजावून सांगितलं. माझी कातडी आता विरलेल्या धोतरासारखी झालीय, हात जरा जोरात लागला तरी फाटेल अशी. म्हणून सिस्टर अंग पुसायची ते कोमट पाण्याने, आणि मग घासायची नाही, मऊ फडक्याने नुसतं टिपायची. कोरड्या पायांना खोबरेल लावायची. डायपर ओला झाला की लगेच बदलायची. मी पावडर मागितली की म्हणायची, "नको आजी, घामाने तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात." पोटऱ्यांखाली उशी द्यायची, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. हे सगळं मी करू द्यायची. वळायला मात्र मी तयार नव्हते.

कारण सांगते. मी भित्री नव्हते कधी, पण त्या खुब्याने माझं पाणी जोखलं होतं. वळवायला हात लावला की वाटायचं, आतली सळई निखळून बाहेर येईल. मी खाटेचा कठडा दोन्ही हातांनी असा धरायची आणि असा आरडाओरडा करायची की मुली घाबरून सोडून द्यायच्या. मग देवाच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडायची. कोणी तरी दान दिलेली एक हवेची गादी होती, ती सिस्टरने माझ्या खाली घातली. तिचा पंप सारखा फुसफुसायचा. मी म्हटलं, "झालं की आता, आता कशाला वळवता?" ती म्हणाली, "गादी मदत करते आजी, वळायचं काम आपल्यालाच करावं लागतं." मी तोंड फिरवलं. तेवढीच काय ती मी वळायची.

भाद्रपद आला आणि कामाच्या मुली गणपतीला गावी गेल्या. गौरी गेल्या तरी त्यांच्यातल्या निम्म्या परतल्या नव्हत्या. त्या सकाळी सिस्टरने अंग पुसताना मला जरा कलतं केलं, माझ्या माकडहाडावर बोट दाबलं, मग पुन्हा एकदा दाबून बघितलं. मी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "आजी, लाली आलीय. दाबलं की जायला हवी, जात नाही. आज वळलाच नाहीत तर उद्या कातडी उघडी पडेल." माझ्या शेजारच्या खाटेवर पूर्वी एक बाई होत्या. त्यांची तसलीच जखम हाडापर्यंत गेली होती, आणि त्यांना दवाखान्यात नेलं ते नेलंच. त्या जखमेचा वास अजून माझ्या नाकात आहे. मरणाला मी कबूल होते, आमंत्रणच धाडलं होतं त्याला. पण असं कुजत जायचं? तेव्हा पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. तरी सिस्टरने हात पुढे केला तसा मी कठडा धरलाच. मन वळायला तयार आणि हात सोडायला नाही, अशी गत. शिवाय ती एकटी होती. कमरेखाली आडवी चादर घातलेली असते, ती दोन बाजूंनी दोघींनी धरून माणसाला उचलून वळवायचं असतं. एकटीने ओढलं तर कातडी सोलून निघते. सिस्टर दारात जाऊन कोणी दिसतंय का ते बघत उभी राहिली. मी डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी देवाशी बोलले. म्हटलं, "बघ बाबा, तुझं तू बघ."

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि भांडण ऐकू आलं. एक बाईमाणूस चढ्या आवाजात बोलत होतं, "मी तुला मठ बोलले व्हते! साधूंचा मठ! ह्या कंचा मठ हाय?" रिक्षावाला म्हणत होता, "आपने आश्रम बोला, अम्मा. ये आश्रम ही है. बोर्ड पढ़ो." "अरं, बोर्ड वाचता आला असता तर तुला कशाला इचारला असता!" सिस्टर बाहेर धावली. जरा वेळाने ती परतली तेव्हा तिच्याबरोबर साठीच्या घरातली एक धिप्पाड बाई होती. नऊवारीचा काष्टा, कपाळावर मोठं कुंकू आणि हातात स्टीलचा मोठा डबा. शेलार गावची, हिराबाई नावाची. गावाकडच्या एका मठात साधूंना फराळ द्यायचा तिचा नेम होता. रिक्षावाल्याशी हिंदी बोलायचं म्हणून मठाचा तिने आश्रम केला आणि त्याने तिला सरळ आमच्या दारात आणून सोडलं. सिस्टरने तिला एवढंच विचारलं होतं, "मावशी, आलाच आहात तर जरा हात लावता का?" आणि ती डबा घेऊन आत आली होती.

तिने डबा माझ्या टेबलावर ठेवला, पदर खोचला, सिस्टर म्हणाली तसे हात साबणाने धुतले. मी विचारलं, "डब्यात काय आहे?" ती म्हणाली, "वरीचं तांदूळ, दान्याची आमटी. एकादशी हाय ना आज." मी चपापले. इतक्या वर्षांत माझी एकादशी चुकली नव्हती, आणि पंख्याकडे बघता बघता मला तिथीचंही भान राहिलं नव्हतं. कुठली एकादशी म्हणून मी मनाशी हिशेब करायला लागले, तोवर तिनेच सांगितलं, "भादव्यातली, आये. आषाढीला निजलेला देव आज कूस बदलतो. ठाव हाय ना तुला?"

मला ठाऊक होतं. परिवर्तिनी एकादशी. मी ती कितीदा केली होती, शेजारणींना तिची कथा सांगितली होती. देव शेषावर निजतो, लक्ष्मी पाय चेपते, आणि चातुर्मासाच्या मध्यावर तो या कुशीवरून त्या कुशीवर वळतो. माझ्या खालची गादी फुसफुसत होती. मला एकदम हसू आलं. म्हटलं, शेषाची गादी असून त्याला वळावं लागतं आणि मी कोण मोठी लागून गेले? आणि दुसरी गोष्ट, ती बाई मला आये म्हणाली होती. त्यांच्याकडे म्हाताऱ्या बाईला सगळेच आये म्हणतात, मला माहीत आहे. पण मला तसं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. इथे मी एकदम आजी झाले होते, मधली पायरी गाळूनच.

सिस्टरने माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवली आणि म्हणाली, "आजी, उजव्या कुशीवर घेतोय हं." माझ्या तोंडून जुना कडवटपणा निघालाच. मी म्हटलं, "माझी कूस जन्मात उजवली नाही गं बाई, आता काय उजवणार!" हिराबाई खो खो हसली. चादरीची कड मुठीत गुंडाळत म्हणाली, "न्हाय कशी उजवनार? देव आज त्याची कूस बदलतो, आमी दोघी तुझी उजवतो. तू फकस्त तो कठडा सोड, आये. सोड गो."

मी सोडला. कसा सोडला ते मला सांगता येणार नाही. हात आपोआप उघडले आणि छातीवर आले. दोघींनी एका दमात चादर उचलली, मी क्षणभर कशावरच नव्हते, आणि मग उजव्या अंगावर अलगद टेकले. दुखलं, नाही असं नाही. पण सळई काही बाहेर आली नाही. पाठीमागे सिस्टरने चादरीची एकूण एक सळ ताणून काढली, कारण चादरीवर सळ राहिली की पाठीवर वळ उठतो. मग तिने माझ्या पाठीवरून तळहात फिरवला, हळूहळू, कुठे काही लागतंय का ते बघत. आयुष्यभर मी असा हात कापडावरून फिरवला होता. तसा हात माझ्यावरून कोणी फिरवेल असं कधी मनात आलं नव्हतं. समोर खिडकी होती. इतके दिवस ती माझ्या उजव्या हाताला होती आणि मी ती पाहिली नव्हती. बाहेर आवारात जास्वंदीला फुलं आली होती. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि हिराबाई माझ्या तोंडात वरीचा भात भरवत म्हणाली, "रड, पन गिळ आधी."

त्यानंतर मी प्रत्येक वेळी वळले. कुरकुर करत, पण वळले. डाळ, अंडं, ताक, सिस्टर देईल ते खाल्लं, कारण आतून पोषण नसेल तर वरून लावलेलं तेल काय करणार. माकडहाडावरची ती लाली हळूहळू निवत गेली आणि एक दिवस सिस्टर बोट दाबून म्हणाली, "गेली, आजी." तो चमत्कार होता का, मी सांगू शकत नाही. सिस्टरची मेहनत मी डोळ्यांनी पाहिलीय, तिचं श्रेय मी कोणा देवालाही देणार नाही. पण त्याच दिवशी, त्याच घटकेला, दुसरी कड धरायला रस्ता चुकलेलं माणूस कोणी पाठवलं हे मी उगाच विचारत बसत नाही. मी फक्त माळ उशीखालून काढली आणि म्हटलं, "बरं, बोलू या."

कार्तिकीला देव उठला, तेव्हा मीही खुर्चीत बसून फराळ केला. हिराबाई आता एकादशीला मुद्दाम इथेच येते आणि रिक्षावाल्याला बजावते, "आश्रम, म्हातारीवाला." शरण जायचं म्हणजे डोंगर चढायचा असं मला वाटायचं. माझ्या वाट्याला आलेलं शरण जाणं एवढंच होतं, की जो कठडा मी घट्ट धरला होता तो सोडायचा आणि उचलणाऱ्यांना उचलू द्यायचं. कामतघरच्या घरात मी एवढं शिकले असते तर किती सुखात राहिले असते. पण असो, त्याची वेळ त्याला कळते.

परवा, एकादशीच्याच दिवशी, एक नवीन मुलगी कामाला लागली. माझी चादर सारखी करताना तिने सहज विचारलं, "आजी, तुम्हाला मुलंबाळं किती?" या प्रश्नाला मी सारा जन्म खाली मान घातली होती. या वेळी सिस्टर पलीकडून चादर धरून उभी होती, हिराबाई अलीकडून.

मी म्हटलं, "दोन मुली. चादरीला तेवढ्याच लागतात."