मेढीला बांधलेली म्हस

दोन दिसांनी सोलापुरात माज्या डोळ्याचं आपरेशन व्हतं. दुसरा डोळा तर तरनेपनीच गेला. दुष्काळी कामावर खडी फोडताना कपची शिरली. पदरानं पुसलं आन सांजपातुर फोडत बसले. ऱ्हायलेल्या डोळ्यात मोतीबिंदू लई पिकलेला. "नजर ऱ्हाईल का जाईल, सांगता येत न्हाय," डाक्टर म्हनला.

त्याच्या आत मला एकदा आभाळ दावायचंच, असं नातीनं मनावर घेतलं. कालेजातनं दुर्बीण आनली, दिवेलागणीला माळवदावर मांडली. दुर्बिणीला क्यामेरा. त्यो उजेड साठवत ऱ्हातो आन टॅबवर हळूहळू चित्र उमटतं म्हनं.

"आज्जे, तिकांड्यापशी काय हाय बघ आज. नव्या चांदण्या जल्मत्यात तितं."

तिकांडं, म्हंजी त्या तीन चांदण्यांची ओळ, मला नवं न्हाय. ते मावळतीला टेकलं की भाकरी बांधून आमी खडीवर निघायचो.

पर चित्र उमटंना. एकेक चांदणी शेपूट फुटल्यागत लांब व्हायली.

"हालतंय. कुनी चालू नका," नात म्हनली. मी आन सून श्वास धरून बसलो. तरी तेच. मावळतीकडनं ढग चढत व्हतं. नात घाईनं इस्क्रू आवळायली.

मी माळवदावर हात टेकला. मातीतनं बारीक धक्का आला. थांबला. फिरून आला.

थंडीचं जनावर आत बांधायची आमची रीत. धार काडून म्हस मीच मेढीला, मदल्या लाकडी खांबाला बांधलेली, अन् त्याच मेढीवर माळवद. खाली ती मान घासायली, वर चांदण्या हालायल्या.

"आत्या, तुमच्या म्हशीनं आभाळ हालवलं की!" सून हसली.

नात हसली न्हाय. "ढग आलं, आज्जे."

म्हस माज्याबिगर कुनाला हात लावू दीना. जिना चाचपत मीच उतरले, तिला अंगनात काडली. नवी जागा, दावं ओढाय लागली. दोनी हातांनी धरून उभी ऱ्हायले.

वरनं आवाज आला, "आलं! आज्जे, वर ये!"

"कशी यिऊ? सोडली तर परत मेढीला जाईल. तुजं व्हऊ दे."

मान वर केली तर नुसता काळोख. वाटलं, ढगानं गाठलं. ऱ्हायलं आता.

नात टॅब छातीशी धरून पळत खाली आली. मी टॅबच्या चार बोटांवर डोळा नेला. तांबूस, कोंबडीनं पंख पसरावं तसं. मदी बारीक ठिपकं.

"दिसतंय का?"

"एक, दोन, तीन... चार पिलं हायत."

तिनं तोंड फिरवलं. खांदं हालायलं.

"रडतीस कशाला? म्हस बुजंल."