पलीकडून कोण बोलतंय

मूर्खपणाची कबुली आधीच देऊन टाकते. टेलिफोनची एक धडधाकट लाईन मी ‘बंद’ म्हणून वहीत लिहिली होती, लागोपाठ तीन दिवस, सुवाच्य अक्षरात.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका बाजारगावी मी ऑपरेटर होते. वय एकवीस, कानाला हेडफोन आणि डोक्यात हवा. रोज सकाळी शेजारच्या प्रत्येक एक्स्चेंजला हाक द्यायची, अशी आमची रीत. आपण आपल्या गावाचं नाव सांगायचं. पलीकडच्यानं ते परत म्हणून आपलं सांगायचं, मग आपण त्याचं म्हणायचं. दोघांनी एकमेकांना ऐकलंय हे पटलं की लाईन चालू. मगच कॉल जोडायचे.

पाथर्डीकडच्या एका खेड्यात नवं एक्स्चेंज लवकरच उघडणार, असं पत्र आलं होतं. एका सकाळी बोर्डावरची त्या लाईनची झडप खटकन वाजून पडली, म्हणजे पलीकडून हाक आली. प्लग घातला तर पुरुषाचा आवाज, “हॅलो, हाय का कुनी? लई येळ वरडतोय!”

गावाचं नाव नाही, काही नाही. टवाळखोर दिसतोय, मी मनात म्हटलं. कॉलेजातली कार्टी फोनवर गाणी म्हणायची, तेव्हापासून पुरुषाचा आवाज आला की मी डोळे बारीक करायची. जणू अख्खा जिल्हा माझ्याशी बोलायला टपला होता! एकदा आरशात पाहिलं असतं तरी शंका फिटली असती. मी प्लग उपटला. तीन दिवस तो हाका मारी, मी उपटी.

चौथ्या दिवशी दहाच्या सुमारास खिडकीशी एक मावशी आल्या. पोरगा इथल्या दवाखान्यात, ऑपरेशन आजच. आईचं रक्त जुळलं नव्हतं, बापाचं बघायचं होतं. बाप त्याच खेड्यात, आणि तिथून एसटी एकच, अकराची.

“लाईन बंद आहे,” मी म्हटलं. तेवढ्यात तीच झडप पडली.

“मंग ही काय वाजली?”

“कुणीतरी टवाळ आहे, मावशी.”

“बगू दे त्यो टवाळ,” म्हणत त्या सरळ आत आल्या. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला, माझंच खरं ठरेल या तोऱ्यात.

“कोन रं? … आन् ल्योक कुनाचा तू? … अगं बया, वरल्या आळीचा व्हय!” पण मी कसली ऐकते! या दोघांचं संगनमत तर नाही? हेडफोन हिसकून मी दरडावलं, “आमच्या गावाचं नाव सांगा, मग तुमचं.” त्यानं दोन्ही सांगितली. वर म्हणाला, “बाई, आदी इचारायचं न्हाई का? एक्स्चेंज नवं, आमाला ही रीत कुनी सांगितलीच न्हाई.”

मी त्याच्या गावाचं नाव म्हटलं आणि घड्याळाकडे पाहिलं. अकराला वीस कमी. पोराच्या बापासाठीचा निरोप घेऊन तो स्वतः सायकलवर सुटला.

बाप त्याच एसटीनं आला. रक्त जुळलं, पोरगा वाचला.

तिसऱ्या दिवशी मावशी पुन्हा खिडकीशी. मी पदर सावरून उभी राहिले, आभार घ्यायला.

त्या म्हणाल्या, “पोरी, येवडी हुशार तू, पन वाजतंय म्हटल्यावर ‘कोन हाय’ म्हनायला तोंड झिजत हुतं का तुजं?”