काच बसवण्याआधी

अति पिकलेल्या केळ्यांचा वास आला की मला विमान आठवतं. हसाल तुम्ही! पण प्लास्टिक जोडायच्या त्या गोंदाला नेमका तसाच वास होता, गोडसर आणि जरा डोक्यात चढणारा. आजही फळीवरच्या टोपलीतून तो दरवळला, की कळंबच्या आमच्या घराची खिडकी, तिच्यातून तिरपं उतरणारं आश्विनातलं ऊन आणि माझ्या नखांवर वाळलेला काळा रंग, सारं क्षणात समोर उभं राहतं.

सुटे भाग जोडून करायच्या त्या छोट्या विमानाचं खोकं खरं तर दादाचं. दादाला वैमानिक व्हायचं होतं, म्हणून मामांनी ते मोठ्या कौतुकानं विलायतेहून पाठवलं होतं. पण ते पोचण्याआधीच डोळ्यांच्या तपासणीत दादा नापास झाला होता. दूरचं दिसत नाही, एवढंच काय ते कारण! जाड भिंगांचा चष्मा लावून तो कपाशीच्या शेतीत रमला, पूर्वीसारखाच सगळ्यांची टिंगल करू लागला. मात्र खोकं कपाटावर गेलं आणि घरात विमान हा शब्द कुणी उच्चारेनासं झालं. मी तर जन्माची अबोल. नागपूरला इंग्रजी शाळेत शिकले, दोन भाषा आल्या, पण मनातलं नेमकं सांगायला दोन्ही अपुऱ्या पडत. नवरात्राच्या सुट्टीत धीर करून विचारलं, खोकं उघडू का? दादानं मानही वर केली नाही.

"घे न. नाई तं एखाद्या दिवशी झुरळंच उडवतीन त्याले."

पंख आणि शेपूट झटपट जुळतात. जीव गुंततो तो वैमानिकाच्या खोलीत. केवढीशी ती खोली! आगपेटीत मावेल एवढी. तिच्यातल्या यंत्रांच्या तबकड्यांच्या तक्त्याला मी आधी पांढरा रंग दिला, वर काळा चढवला आणि तो वाळल्यावर सुईच्या टोकानं अलगद खरवडत तबकड्यांचे काटे उमटवले. प्रत्येक तबकडीवर बाभळीच्या डिंकाचा कण ठेवला. वाळताच तो काचेसारखा चमकू लागला. आसनाचे पट्टे आत्याच्या जुन्या लुगड्याच्या काठातल्या धाग्यांचे केले. जे कुणाला धड दिसणारही नाही, त्यावर माणूस एवढा जीव का लावत असेल? कदाचित दिसणार नाही, म्हणूनच!

मग वैमानिक हाती आला. तुरीच्या दाण्याएवढं डोकं त्याचं. सायकलच्या मोडक्या डायनामोतली केसासारखी तार काढून मी तिची दोन वेटोळी केली आणि श्वास रोखून त्याच्या नाकावर बसवली. वैमानिकाला चष्मा लागला! ते पाहून आधी हसू आलं आणि लगेच भीती वाटली. दादाला ही थट्टा वाटली तर? त्याची जखम अशी खपलीखाली राहिलेली, आणि मी सुई घेऊन बसलेली! खोलीवरची जाडसर काच लावून टाकावी, म्हणजे चष्मा कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं मनात येई. मग काच हातात घेई आणि परत ठेवून देई.

अशात खंडेनवमी उजाडली. आमच्या घराची सारी सूत्रं आत्याच्या हाती. तिनं पाटावर विळे, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास मांडली, शेजारी दादाची सायकल आणि शिवणयंत्र उभं केलं, आणि माझ्या टेबलावरचं ते उघडं विमानही नेऊन ठेवलं. मी आंघोळ करून आले तोवर पूजा आटोपली होती. विमानाच्या नाकाला हळदकुंकू होतंच; पण ओल्या कुंकवाचं एक बोट थेट आतल्या वैमानिकालाही लागलं होतं. बिचाऱ्याचं कपाळ नव्हे, अर्धं डोकं लाल!

"आत्या, हे काय केलंस?"

"काहून वं? गाडीले कुकू लावलं, मंग हाकणाऱ्यानं काय घोडं मारलं?"

मी काही बोलणार तेवढ्यात दादा फूल वाहायला वाकला आणि थबकला. चष्म्यातून बारीक काही उमगेना, तसा त्यानं चष्मा काढला आणि उघड्या डोळ्यांनी विमानावर इतका ओणवा झाला की नाक पंखाला टेकायचंच बाकी राहिलं. किती वेळ पाहत होता कोण जाणे! 

"शैले," तो म्हणाला, "याचे तं काटे बी दिसून राह्यले मले. आन् हा चष्मा... याले पास कोणं केलं?"

"मी," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"वा रे डॉक्टरीण!" म्हणत तो असा खदखदून हसला, की आत्याच्या हातातलं निरांजन डुचमळलं. मग डोळे पुसत म्हणाला, "काच मी बसवतो. जवळचं मले तुह्यापेक्षा साफ दिसते."

"आज नाही हो!" आत्या कडाडली. "पुजलेल्या अवजाराले आज हात लावाचा नाही."

म्हणून दसरा उजाडण्याची वाट पाहिली. सकाळीच दादानं चष्मा काढून बाजूला ठेवला आणि गोंदाचा एक थेंबही इकडेतिकडे न जाऊ देता काच बसवली. आकाश वाचायला जे डोळे उणे ठरले, ते त्या इवल्या खोलीपाशी किती पुरेसे होते! दूरचं न दिसणं म्हणजे न दिसणं नव्हे, हे मला पुस्तकांनी कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी सोनं लुटून आल्यावर आपट्याचं एक पान दादानं विमानापुढे ठेवलं आणि आत्याला, हे पंख विमानाला कसे उचलतात ते सांगत बसला. आत्याला झोप अनावर झाली तरी तो थांबेना.

काचेआडच्या तबकड्या आता कुणाला दिसत नाहीत. दिसतं ते फक्त एक लाल कपाळ. टोपलीतली केळी काळी पडली की आत्या ती गाईला घालायला निघते आणि मी घाईनं एक काढून घेते. शैलीला पिकली केळी फार आवडतात, असं ती शेजारणींना सांगते. मी तिचा समज खोडून काढत नाही. केळं नाकाशी धरते, डोळे मिटते, आणि कुठेतरी अगदी जवळ विमान उडू लागतं.