गोडाऊनमागची धाव

न्याय देणाऱ्या माणसाला देश नसतो, जात नसते, गाव नसतं. हे वाक्य आखातातल्या एका बक्षीस समारंभात मीच माइकवर म्हणालो होतो आणि टाळ्या पडल्या होत्या. त्याला गुडघे असतात, हे सांगायचं राहून गेलं.

माझं गाव अंजूर. गावात सगळे क्रिकेट खेळायचे. फुटबॉल मी भिवंडीत शिकलो, लूमवर काम करणाऱ्यांबरोबर. तिथला सामना नव्वद मिनिटांचा नसे, शिफ्ट लागेपर्यंतचा असे. अकराचा संघ बघता बघता सहावर यायचा. समोरचाही सहावरच यायचा, कारण दोघांचा शेठ एकच. मी लेफ्ट बॅक होतो, म्हणजे दुसरीकडे कुठे ठेवता न येणारा. त्या जोरावर जिल्ह्याच्या संघात दोन वर्षं काढली आणि मग नोकरीसाठी आखातात गेलो. नोकरी गोडाऊनमध्ये. भाताच्या शेतातून उठून मी समुद्रापलीकडच्या गोडाऊनमध्ये गेलो, आणि माझ्या पाठोपाठ शेतातच गोडाऊनं आली. थोडं थांबलो असतो तर पासपोर्ट लागला नसता.

तिथे दर शुक्रवारी कामगारांची लीग चालते. आधी खेळलो, मग उजवा गुडघा गेला, मग परीक्षा देऊन रेफरी झालो. आठवड्याचे सहा दिवस मला सगळे सांगायचे. शुक्रवारी दीड तास मी सांगायचो. आमच्या मॅनेजरला मी एकदा पिवळं कार्ड दाखवलं आहे. त्या दीड तासासाठीच मी तिथे इतकी वर्षं राहिलो, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी लीगनं नियम काढला: प्रत्येक रेफरीनं धावण्याची चाचणी द्यायची. पंच्याहत्तर मीटर धावायचं, पंचवीस मीटर चालायचं, पुन्हा धावायचं, असं चाळीस वेळा. प्रत्येक धाव शिट्टी वाजायच्या आत संपली पाहिजे. दोनदा उशीर झाला की नापास, आणि नापास झालेल्यानं मैदानात उतरायचं नाही. नियम आला तेव्हा माझी महिन्याची सुट्टी सुरू होत होती.

घरी आलो, पण बसवेना. जेवताना पायाची बोटं हलायची. अंजूरच्या रस्त्यावर रिक्षा पळू देत नाहीत, म्हणून रोज सकाळी काल्हेरला जायचो. तिथे थोरल्या भावानं आमच्या शेतजमिनीवर गोडाऊन बांधून भाड्यानं दिलंय. त्याच्या मागचा काँक्रीटचा रस्ता सपाट आणि सरळ आहे. दादा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघायचा.

"सुट्टीला आलास का पलाला? बस ना जरा."

"बसलो की गुडघा धरतो, दादा."

"मंग उभा र्‍हा. लोक इचारतात मला, तुझ्या भावाची नोकरी गेली काय? काय सांगू त्यांना?"

"सांग, रेफरी हाय."

"सांगितला. ते इचारतात, मंग नोकरी न्हाय का?"

धावा मोजायला मी स्वतःच शिट्टी वाजवायचो. एका सकाळी तिसऱ्या धावेला शिट्टी वाजवली आणि मागे करकचून ब्रेक लागला. पुन्हा वाजवली, तर कंटेनर रिव्हर्स यायला लागला. इथे क्लीनर शिट्टी वाजवून ट्रक मागे घेतात, हे मी परदेशात राहून विसरलो होतो. ड्रायव्हरनं केबिनमधून डोकं काढलं.

"ओ चाचा! पीछे लूँ के रुकूँ? एक बात बोलो!"

"तुम्हारे लिए नहीं बजाया. मैं रेफरी हूँ."

त्यानं सगळीकडे पाहिलं. "तो मैच किधर है?"

मागे तीन ट्रक हॉर्न देत होते, म्हणून शेवटी मीच शिट्टीवर कंटेनर मागे घेऊन दाराला लावून दिला. व्यवस्थित लागला.

"हे जमतंय तुला," दादा म्हणाला. "हितंच र्‍हा. कामाला ठेवतो."

तो थट्टा करत नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास आधीच पळायला गेलो.

परतल्यावर आठवड्याभरात चाचणी झाली. सत्तावीस धावा वेळेत केल्या. अठ्ठाविसावीला शिट्टी वाजली तेव्हा मी रेषेपासून चार पावलं मागे होतो. एकोणतिसावीला किती मागे होतो, ते मी मोजलं नाही. लीगच्या सचिवांनी नापासाचा बावटा वर केला आणि बराच वेळ खाली घेतला नाही; मला दिसला नसेल असं त्यांना वाटलं असावं.

पुढच्याच बैठकीत त्यांनी माझ्या अनुभवाचा गौरव केला, खांद्यावर शाल घातली आणि मला रेफरींच्या चाचणी समितीचा प्रमुख नेमलं. समितीत आम्ही पाच जण आहोत. चौघं या चाचणीत नापास झालेले आहेत आणि पाचव्यानं ती दिलेली नाही.