ओढा आणि नाला

उद्या लेकीचा पर्यावरण भूगोलाचा पेपर आहे. ती खिडकीशी बसलीय आणि मी पुस्तक हातात धरून प्रश्न विचारतेय. ‘जलप्रदूषणाची कारणे लिहा’ म्हटलं की ती सुरू होते: सांडपाणी, प्लास्टिक, राडारोडा. एकही मुद्दा सुटत नाही. मध्येच खालून वास आला, तशी न थांबता तिनं खिडकी लावून घेतली.

मग मी पुस्तकात नसलेला प्रश्न विचारला. “ओढा आणि नाला. फरक स्पष्ट कर.”

ती हसली. “एकच की गं! तुम्ही ओढा म्हणायचात, आम्ही नाला म्हणतो.”

याच खिडकीखाली आम्ही भावंडं खेकडे धरायचो, हातपाय गार पडेपर्यंत डुंबायचो. ‘ओढ्यावर जाऊन येतो’ असं आईला सांगून निघायचो. पाणी काळं पडत गेलं, ते दिसत होतं. पण ओढा हा शब्द आमच्याही तोंडून कधी गेला, ते कळलंच नाही. पाण्याआधी बहुधा तोच गेला असावा.

“आई, येईल का गं हा परीक्षेत?”

“नाही,” मी म्हटलं. “आता नाही यायचा तो.”